खुणेचा दगड

सोमवार, ४ मार्च

आज टँकरपाशी कोयता निघाला!

ओढ्यापलीकडच्या एका बाईने हंडा पुढे सरकवला — एवढ्यावरून. आमच्या अलीकडच्या दूधवाल्याने तिचा हंडा लाथेने उडवला. तिच्या दिराने कोयता काढला. दूधवाल्याची दोन बोटं चिखलात पडली. बायका त्याच चिखलातून हंडे टाकून पळाल्या.

मी ती बोटं उचलली. धुऊन रुमालात बांधावीत म्हणून टँकरची तोटी उघडली, तर आत थेंब नाही. टँकर मघाशीच संपला होता! रिकाम्या टँकरसाठी माणसाची बोटं गेली.

ही म्हणाली, "अहो, आता असल्या गर्दीत शिरू नका. वय झालं." वय झालं म्हणूनच शिरतो. तरणा माणूस मध्ये पडला तर तोही मारायलाच लागतो.

बुधवार, ६ मार्च

ओढ्याच्या कोरड्या पात्रात बैठक. अलीकडचीही नाही, पलीकडचीही नाही, अशी ती एकच जागा. सतरंजी मीच नेली.

इंजिनीयरबाई आल्या होत्या. बाई काडीसारखी, आवाज भोंग्यासारखा. चौदा गावांना धरणातून नळाचं पाणी यायचंय. धरणातून ते इथवर पंपाने येणार, इथे एका मोठ्या टाकीत चढणार आणि मग आपल्या उताराने सगळीकडे जाणार. टाकी एकच. टेकड्या दोन — आमची बोडकी, त्यांचं कुबड.

"दोन टाक्या करा की!" कुणीतरी ओरडलं.

"दोन आया करता येतात का?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. या ओढ्यात किती दिवसांनी हसणं ऐकलं!

पण हसून भागणार नव्हतं. टाकी ज्याच्या उशाशी, त्याच्या नळाला आधी पाणी. हे पोरासोरांनाही कळतं. शेवटी ठरलं: जी टेकडी उंच, तिच्यावर टाकी. शेवटच्या गावाला पाणी पोचायचं तर चार बोटांची उंचीसुद्धा सोडून चालणार नाही. दोन्हीकडच्यांनी कागदावर अंगठे दिले. कोयतेवाल्या दिराने दिला, दूधवाल्यानेही दिला — उरलेल्या हाताचा.

माप खरं की खोटं हे कुणी सांगायचं? पलीकडचा म्हातारा सरपंच उठला. "अण्णा सांगतील ते आम्हाला मान्य. माणूस अलीकडचा आहे, पण सरळ आहे." चार इयत्ता शिकलेला मी. एकतीस वर्षं हा इथला जुना पंप चालवला. आता विहीर आटली, पंप गंजला, आणि मी तेवढा त्याच्या खोलीत राहिलोय. पण माणसं विसरली नाहीत.

उंचीचं शास्त्र मी एकाकडूनच शिकलो. बावीस वर्षांपूर्वी मोजणीसाहेब आले होते, दोन महिने इथेच राहिले. पंपघराच्या पायरीवर त्यांनी छिन्नीने बाण कोरला. म्हणाले, "अण्णा, ही खूण जपा. हिच्यापासून काहीही मोजता येईल." तेव्हा त्यांनी कुबड मोजलं, पट्टी मी धरली होती. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. आणि खूण? रोज सकाळी त्या बाणातली माती मी काडीने काढतो.

गुरुवार, ७ मार्च

पेटी उघडली. वाळवीने कागदाचा एकच कोपरा खाल्लाय. आकडा शाबूत — खुणेपासून कुबडाचा माथा दोनशे बारा फूट. जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, ८ मार्च

बोडकी मोजली. बाईंनी पायरीवरच्या खुणेपाशी मोजणीची दुर्बीण लावली, मी पट्टी धरून पुढे. उन्हाने टाळू तडकत होती. बाईंच्या टाचेला फोड आले. दुपारी तीनला माथ्यावर पोचलो. आकडा आला दोनशे तेरा.

एक फूट! बोडकी एका फुटाने उंच.

"काका, कुबडही नव्याने मोजून घेऊ या का? उद्या परवा?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "कशाला पोरी? ते माप माझ्या डोळ्यांदेखत झालंय. सोन्याचा तुकडा आहे तो." त्यांनी फोडाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "ऑफिसलाही जुनी नोंद चालते," म्हणाल्या.

उतरताना लक्षात आलं — जिंकलो आपण! बोडकीऐवजी कुबड उंच निघालं असतं तर मी किती सुखाने झोपलो असतो! मी अलीकडचा, माझी लेक पलीकडे दिलेली. आकडा कसाही आला असता तरी कुणीतरी म्हणणारच की अण्णाने घरचं बघितलं.

शनिवार, ९ मार्च

आकडे वाचून दाखवले. 'तेरा' हा शब्द तोंडातून बाहेर पडतोय तोच पहिला दगड आला. बाईंच्या कपाळावर. चार टाके. दुर्बिणीची काच फुटली ती वेगळीच. पलीकडच्या बायकासुद्धा ओटीतून दगड काढत होत्या. म्हणजे घरूनच भरून आणले होते!

त्या गोंधळात जावई उभा राहिला. गवंडी माणूस, बोलायला कंजूष. एवढंच म्हणाला, "पुन्हा मोजा. दोन्ही टेकड्या, एकाच दिवशी."

माझ्याकडे बघून म्हणाला. माझ्याकडे!

रविवार, १० मार्च

जावई घरी आला होता. पंधरा वर्षांपूर्वी असाच थापी घेऊन आला होता. हिचे गुडघे धरले होते. खोलीतून उतरायच्या तीनच पायऱ्या, पण वीतवीतभर उंच. मी म्हटलं, पाडून जोत्याच्या कडेकडेने पाच बुटक्या करा. चार दिवसांचं काम याने अकरा दिवस पुरवलं. चहा लेक नेऊन द्यायची! "पायऱ्या करायला आला आणि पोरगी घेऊन गेला," असं मी अजून चिडवतो. तो नुसता लाजतो. भला माणूस. कधी आवाज चढवला नाही की लेकीला टाकून बोलला नाही.

पण आज मी फुगून बसलो होतो. माझा धाकटा भाऊ आणि त्याचे चौघेजण अंगणातच होते. जावई पायरीवर बसला. दगडावरून तळहात फिरवत राहिला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मामा, जरा निवांत बोलायचं होतं."

"मोजणी सोडून काहीही बोला, जावईबापू."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अंगणातल्या पाचजणांकडे.

"काही नाही," म्हणाला. अर्धा चहा ठेवून गेला.

भाऊ म्हणाला, "बघ, खोट्याला तोंड नसतं."

मंगळवार, १२ मार्च

पलीकडच्यांनी पाइपांची रास जाळली. नव्या योजनेचे काळे पाइप, बोडकीखाली रचलेले — दीड मैलाचे. ज्वाळा दिसत नव्हत्या, नुसता धूर, आणि वितळलेलं प्लॅस्टिक ओढ्यात ओघळत होतं. कोरड्या ओढ्याला यंदा तेवढाच पूर.

वॉचमनने अडवलं तर त्याचे दोन्ही पाय पहारीने मोडले. गुडघ्याच्या खाली. मोजूनमापून. तो ना अलीकडचा ना पलीकडचा, लांबून नोकरीला आलेला. "मी तर पाणी पण घरून आणतो हो," एवढंच म्हणत होता.

बुधवार, १३ मार्च

आमच्यांनी फेड केली. भाऊ दहाजणांना घेऊन गेला. त्यांच्या विहिरीतली मोटर फोडली. म्हातारा सरपंच आडवा आला — तोच, "अण्णा सांगतील ते मान्य" म्हणणारा. त्याच्या तोंडावर साखळीने मारलं. पुढचे दात गेले.

भाऊ माझ्याकडे येऊन माझ्याच बादलीत हात धुवायला लागला. मी बादली लाथेने उडवली. दिवसभराचं पाणी होतं ते! ही फडकं घेऊन जमिनीवरचं पाणी टिपून पिळत बसली.

"दादा, तुझ्याच मापासाठी लढतोय आम्ही," भाऊ म्हणाला.

हे वाक्य काट्यासारखं रुतलंय. काढायला जावं तर आणखी आत जातं.

शुक्रवार, १५ मार्च

लिहवत नाही. लिहितो.

बोडकीवर आज टाकीची चुन्याची रेघ मारायची होती. पोलीस चार. बाई कपाळाला पट्टी बांधून आल्या. नवी दुर्बीण अजून मिळाली नव्हती, पट्टी तेवढी होती. सवयीने ती मीच धरली. जुना कागद खिशात.

दहाच्या सुमाराला पलीकडचे चढून आले. पहारी, कुऱ्हाडी, सायकलच्या चेन. सर्वांत पुढे जावई. हात रिकामे.

"मामा, एकदा मोजा. माझ्यासाठी म्हणून मोजा."

"माझ्या शब्दापेक्षा तुमचा हट्ट मोठा?"

"हट्ट नाही. तो कागद द्या, मी दाखवतो तुम्हाला —" आणि त्याने हात पुढे केला. कागद माझ्या खिशातून अर्धा बाहेर आला होता. त्याने धरला, मी ओढला. फाटला.

बावीस वर्षं जपलेला कागद.

"तू मला खोटं ठरवतोस?" मी ओरडलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. आणि पट्टी फिरवली. सागवानी पट्टी, खाली लोखंडी टोपण. टोपणाची बाजू लागली. ओलं लाकूड फोडताना होतो तसा आवाज झाला. तो बसला — पडला नाही, बसलाच — आणि डोळ्यावर हात ठेवला. बोटांतून रक्त.

मला कुणी ढकललं नाही. कुणी चढवलं नाही. त्या टेकडीवर दीडशे माणसं शस्त्रं घेऊन उभी होती आणि पहिला घाव मी घातला!

मग जे सुरू झालं ते बघायला मी शुद्धीवर नव्हतो. बाईंनी मला दंडाला धरून जीपमध्ये कोंबलं.

शनिवार, १६ मार्च

उजवा डोळा गेला.

रविवार, १७ मार्च

दवाखान्यात गेलो. फौजदार खाटेपाशी जबाब घेत होता. मी दाराशीच थांबलो. म्हटलं, आता माझं नाव येईल आणि येऊ दे.

"पाय घसरला साहेब. दगडावर पडलो."

"दीडशे माणसांनी बघितलं."

"त्यांना काय दिसणार? डोळा माझा गेलाय ना? मला विचारा."

फौजदार वही मिटून गेला.

मी आत पाऊल टाकलं तर लेक मध्ये उभी राहिली. रडली नाही. "बाबा, तुम्ही घरी जा." माझी पोर! तिला पंपाच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. लहानपणी पंप बंद झाला की जागी व्हायची. आज आवाजात काहीच नव्हतं. बंद पंपासारखी उभी होती.

मंगळवार, १९ मार्च

दूधवाल्याने बोटांची वसुली केली. कोयतेवाल्या दिराला ओढ्यात गाठलं, जिथे सतरंजी टाकली होती त्याच जागी. सहाजणांनी. भरदुपारी. मी गेलो तेव्हा तो पालथा पडला होता आणि पाणी मागत होता. कुणी देईना. मी घरून तांब्या आणला. ओठाला लावला, पण गिळलं नाही. तसंच बाजूने गळून वाळूत गेलं.

बुधवार, २० मार्च

तो दीर गेला. चोवीस वर्षांचा.

सरकारने दोन्हीकडे बंदूकवाले बसवलेत. बाई म्हणाल्या, बोडकीचा पाया सोमवारी भरणार. "थांबलो तर योजनाच परत जाईल काका. बाकीच्या बारा गावांनी काय पाप केलंय?" खरंच आहे.

गुरुवार, २१ मार्च

कागद चिकटवायला बसलो. हातांना काहीतरी काम हवं म्हणून. पायरीवर, खुणेच्या दगडावर बूड टेकलं, जोत्याला पाठ लावली आणि दोन्ही तुकडे मांडीवर जुळवले. फाटलेली कड बरोबर तळाच्या ओळीतून गेली होती. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. आकड्याखाली कुणी वाचतं का? साहेबांचं बारीक अक्षर: 'खूण वरच्या पायरीवर, पंपघराच्या जोत्याच्या सपाटीत.'

सपाटीत.

जोतं माझ्या पाठीत टोचत होतं.

मी खुणेवर बसलो होतो आणि जोतं माझ्या पाठीत टोचत होतं!

पाच बुटक्या पायऱ्या करताना वर नवा कोबा केला होता. जुना दगड गवंड्याने बाजूला टाकला होता. मीच म्हटलं, "टाकू नका हो! खुणेचा दगड आहे, साहेबांनी जपायला सांगितलाय. खालच्या पायरीला बसवा." बसवला. आणि पंधरा वर्षं रोज सकाळी मी त्या बाणातली माती काढतोय. खूण जपली. उंची कुणाला आठवणार?

कुबड मोजलं तेव्हा दगड वर होता. बोडकी मोजली तेव्हा खाली.

शुक्रवार, २२ मार्च

आज खात्री केली. पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे टिचक्या मारून काढले. एक टोक हिने जोत्याशी धरलं, एक मी खुणेशी. दोन्हीकडचं पाणी सारखं आलं तेव्हा फूटपट्टी लावली. दीड फूट. तीनदा मोजलं.

बोडकीच्या दोनशे तेरातून दीड गेले, राहिले दोनशे साडेअकरा. कुबड दोनशे बारा. कुबड उंच. अर्ध्या फुटाने.

ही नळी धरून तशीच उभी. "म्हणजे माझ्या गुडघ्यांमुळे झालं हो हे?"

"नाही ग. तुझ्या गुडघ्यांमुळे नाही. माझ्या डोक्यामुळे."

मग ती खाली बसली आणि तिने नळीतलं पाणी परत हंड्यात सोडलं. सगळं. थेंब न सांडता.

एक डोळा, दोन पाय, बाईंचं कपाळ, म्हाताऱ्याचे दात आणि एक चोवीस वर्षांचा जीव. अर्धा फूट.

रविवार, २४ मार्च

सकाळी दवाखान्यात गेलो. लेकीने अडवलं नाही, माझं तोंड बघून बाजूला झाली. मी जावयाला सगळं सांगितलं. तो एका डोळ्याने छताकडे बघत होता.

"माहीत होतं मामा. दगड मीच बसवला ना."

"मग बोलला का नाहीत!"

"बोलायलाच आलो होतो त्या रविवारी. अंगणात पाचजण बसले होते. त्यांच्यासमोर तुम्हाला चूक म्हणायचं? म्हटलं, एकदा मोजलं की आकडाच बोलेल. तुमची मान खाली जायला नको."

उद्या बोडकीचा पाया भरणार. दोन्हीकडच्यांना मी आज ओढ्यात बोलावलंय. जमलेत, इथून दिसतात. रिकाम्या हाताने कुणीच आलेलं नाही. खुणेचा दगड पहारीने उपटून हातगाडीवर घातलाय. चारचौघांत मीच दाखवणार, आणि पट्टी कुणी मारली तेही सांगणार.

हिला सांगितलंय — खालची पायरी आता नाही. उतरताना जपून.